रॅपिड पॉझिटिव्ह, व्हीडीआरएल निगेटिव्ह : गरोदरपणातील सिफिलिसच्या रक्तचाचण्यांचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पूर्व विदर्भातील एका तालुक्यातील आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून गाव, संस्था, नेमका काळ आणि कुटुंबाचे काही तपशील वगळले किंवा बदलले आहेत.

स्त्रीचे वय चोवीस, गरोदरपण दुसरे. पहिल्या खेपेस आठव्या महिन्यात बाळ पोटातच दगावले होते. त्या वेळच्या माता व बाल संरक्षण कार्डावर व्हीडीआरएल या सिफिलिसच्या रक्तचाचणीच्या रकान्यात फक्त बरोबरची खूण होती; निकाल काय आला, कोणत्या दिवशी आला, चाचणी खरोखर झाली होती का, यांपैकी काहीच त्यावरून कळत नव्हते. मृतजन्माचे कारण शोधण्याचा प्रयत्न झाल्याची कोठेही नोंद नव्हती. कुटुंबाने तो नशिबाचा भाग मानला आणि आरोग्ययंत्रणेनेही त्यापेक्षा फार वेगळे काही केले नाही.

दुसऱ्या गरोदरपणाची नोंदणी उपकेंद्रात चौथ्या महिन्यात झाली. एएनएम सिस्टरने बोटातून रक्त घेऊन एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्हींची एकत्रित रॅपिड चाचणी केली. एचआयव्हीची रेषा आली नाही, सिफिलिसची आली. सिस्टरने नियमाप्रमाणे तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवले. तेथे शिरेतून रक्त घेऊन चाचणी झाली आणि अहवाल ‘व्हीडीआरएल – नॉन-रिॲक्टिव्ह’ असा आला. कार्डावर आधीच्या नोंदीशेजारी ही नोंद लिहिली गेली आणि आशाताईंना ‘मोठ्या दवाखान्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, आता काळजी नाही’ असे सांगण्यात आले. विषय तेथे संपला.

तो पुन्हा निघाला सहाव्या महिन्यात. सोनोग्राफीसाठी ती एका धर्मादाय रुग्णालयात गेली असता तेथील नेहमीच्या गरोदरपणाच्या तपासण्यांत सिफिलिसची चाचणी नव्याने झाली. या रुग्णालयाने काही महिन्यांपूर्वीच केमिल्युमिनेसन्स पद्धतीचे (प्रतिपिंडे प्रकाशाच्या संकेतावरून मोजणारे) स्वयंचलित यंत्र घेतले होते, आणि यंत्राने नमुना रिॲक्टिव्ह दाखवला. प्रसूतितज्ज्ञांच्या टेबलावर एकाच स्त्रीचे तीन अहवाल होते: उपकेंद्राचा पॉझिटिव्ह, ग्रामीण रुग्णालयाचा निगेटिव्ह आणि स्वतःच्या प्रयोगशाळेचा पॉझिटिव्ह. गर्भ चोवीस आठवड्यांचा होता. वाढ वयाला साजेशी होती, यकृताची वाढ, पोटात पाणी किंवा वार जाड होणे यांपैकी काहीही सोनोग्राफीत दिसले नव्हते.

समस्या नेमकी कोणती होती

प्रसूतितज्ज्ञांनी प्रयोगशाळेला विचारलेला पहिला प्रश्न साहजिक होता: तिघांपैकी कोणाची चाचणी चुकली? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचे उत्तर असे होते की कोणाचीच चुकलेली नसण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. संपूर्ण प्रकरण या उत्तरावर उभे असल्यामुळे ते थोडे विस्ताराने मांडणे आवश्यक आहे.

सिफिलिसचा जिवाणू, ट्रेपोनेमा पॅलिडम, १९०५ मध्ये सापडला. परंतु प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमांवर तो वाढत नाही. जखम असेल तर तिच्यातील द्रव डार्क-फील्ड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून किंवा पीसीआर करून जिवाणू थेट दाखवता येतो. जखम नसेल, आणि बहुतेक गरोदर स्त्रियांत ती नसतेच, तर रक्तातील प्रतिपिंडांवरच विसंबावे लागते. ही प्रतिपिंडे दोन जातींची आहेत आणि त्यांना शोधणाऱ्या चाचण्याही दोन जातींच्या.

पहिली जात व्हीडीआरएल आणि आरपीआर यांची. (कार्डावर ‘व्हीडीआरएल’ असे छापलेले असले तरी पुष्कळ ठिकाणी प्रत्यक्षात आरपीआरच केली जाते, या प्रकरणातही तसेच होते.) या चाचण्या जिवाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधतच नाहीत. कार्डिओलिपिन, लेसिथिन आणि कोलेस्टेरॉल यांच्या मिश्रणाशी जुळणारी प्रतिपिंडे त्या शोधतात. संसर्गामुळे पेशींची मोडतोड होते आणि कार्डिओलिपिनसारखे मेद पदार्थ रक्ताच्या नजरेस येतात, त्यांच्याविरुद्ध ही प्रतिपिंडे तयार होतात. त्यामुळे रोग सक्रिय असताना त्यांचे प्रमाण वाढते, उपचारानंतर घटते आणि वर्षे उलटली की उपचाराविनाही कमी होऊ शकते. दुय्यम, म्हणजे अंगावर पुरळ येण्याच्या, अवस्थेत या चाचण्या जवळजवळ प्रत्येक रुग्ण पकडतात. प्राथमिक अवस्थेत त्यांची संवेदनशीलता (खऱ्या रुग्णांपैकी किती सापडतात ते प्रमाण) ८० टक्क्यांच्या आसपास आणि जुन्या, उशिराच्या अवस्थेत ७० टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे रोग अगदी नवा किंवा फार जुना असला की याच चाचणीच्या हातून तो निसटतो.

दुसरी जात, म्हणजे ट्रेपोनिमल चाचण्या, टीपीएचए, टीपीपीए, रॅपिड पट्टी आणि केमिल्युमिनेसन्स यांची. या चाचण्या खुद्द ट्रेपोनेमाच्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधतात. ती एकदा तयार झाली की बहुतेक लोकांत जन्मभर राहतात, उपचार झाला असला तरीही. म्हणून या चाचणीचे ‘रिॲक्टिव्ह’ उत्तर एवढेच सांगते की या शरीराची ट्रेपोनेमाशी कधीतरी गाठ पडली आहे. ती आज आहे की दहा वर्षांपूर्वी होती, औषध मिळाले होते की नाही, याबद्दल ही चाचणी काही बोलत नाही.

उपकेंद्राची पट्टी आणि धर्मादाय रुग्णालयाचे यंत्र एका जातीचे, ग्रामीण रुग्णालयाची चाचणी दुसऱ्या जातीची. दोन पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशी मते मोजण्यात म्हणूनच अर्थ नव्हता. एका प्रश्नाचे उत्तर दोनदा आले होते आणि दुसऱ्या प्रश्नाचे एकदा. ग्रामीण रुग्णालयात नेमकी येथेच गल्लत झाली. शिरेतून घेतलेल्या रक्तावर, प्रयोगशाळेत झालेली चाचणी ही पट्टीपेक्षा वरच्या दर्जाची आणि म्हणून निर्णायक, असे धरले गेले. रॅपिड पट्टीला ‘प्राथमिक’ आणि व्हीडीआरएलला ‘खात्रीची’ चाचणी म्हणण्याची सवय त्याला कारणीभूत असावी. एचआयव्हीच्या बाबतीत एका चाचणीची खात्री पुढच्या चाचणीने करण्याची रीत सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. सिफिलिसमध्ये मात्र आरपीआर निगेटिव्ह आल्याने आधीची ट्रेपोनिमल चाचणी खोटी ठरत नाही.

शक्यता आणि त्यांची छाननी

ट्रेपोनिमल चाचणी रिॲक्टिव्ह आणि आरपीआर नॉन-रिॲक्टिव्ह, या जोडीचे पाच अर्थ समोर ठेवण्यात आले: पूर्वी पूर्ण उपचार झालेला संसर्ग, कधीच उपचार न झालेला जुना, लक्षणविरहित संसर्ग, आरपीआर वर यायच्या आधीचा अगदी ताजा संसर्ग, ट्रेपोनिमल चाचणीच खोटी पॉझिटिव्ह, आणि आरपीआरच खोटी निगेटिव्ह.

शेवटच्या शक्यतेचा निकाल सर्वांत लवकर लावता येणार होता. रक्तात प्रतिपिंडे फार मोठ्या प्रमाणात असली तर न पातळ केलेल्या नमुन्यात गुठळ्या दिसत नाहीत आणि चाचणी निगेटिव्ह भासते. याला प्रोझोन म्हणतात. तो विरळ आहे, पण दुय्यम अवस्थेत आणि गरोदरपणात त्याची आठवण ठेवावी लागते. ग्रामीण रुग्णालयाने नमुना पातळ करून पाहिला नव्हता. धर्मादाय रुग्णालयात नव्या नमुन्यावर १:१ पासून १:६४ पर्यंत आरपीआर लावण्यात आली. चाचणीच्या कार्डावरील सर्व वर्तुळांत ती नॉन-रिॲक्टिव्ह राहिली. प्रोझोन नव्हता.

यंत्राच्या खोट्या पॉझिटिव्हची शक्यता तपासण्यासाठी त्याच नळीतील रक्तावर टीपीएचए करण्यात आली. मुद्दा वेगळ्या पद्धतीची चाचणी घेण्याचा होता. केमिल्युमिनेसन्समध्ये बहुधा निवडक पुनःसंयोजित प्रथिने वापरलेली असतात, टीपीएचएमध्ये जिवाणूच्याच घटकांचा लेप दिलेल्या रक्तपेशी असतात; त्यामुळे एकीची चूक दुसरीत जशीच्या तशी उतरण्याचा संभव कमी. टीपीएचए स्पष्ट रिॲक्टिव्ह आली. यंत्रावरील सिग्नल आणि कटऑफ (पॉझिटिव्ह ठरवण्याची सीमा) यांचे गुणोत्तरही सीमारेषेजवळचे नव्हते, बरेच वर होते. गुणोत्तर जितके जास्त, तितकी दुसऱ्या ट्रेपोनिमल चाचणीत दुजोरा मिळण्याची शक्यता जास्त असते. ही शक्यताही मागे पडली.

या टप्प्यावर एका तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याने एक मुद्दा काढला, आणि तो चुकीचा असला तरी वारंवार ऐकू येणारा असल्याने येथे नोंदवतो. स्त्रीच्या सासऱ्यांवर कुष्ठरोगाचे उपचार झाले होते, तालुक्यात मलेरियाही आहे. कुष्ठरोग आणि मलेरिया यांत सिफिलिसची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते असे पाठ्यपुस्तकात दिलेले आहे, मग हे तसेच नसेल का? पाठ्यपुस्तकातले वाक्य खरे आहे, पण ते कार्डिओलिपिनच्या चाचण्यांबद्दल आहे. लेप्रोमॅटस कुष्ठरोग, मलेरिया, ल्युपससारखे स्वप्रतिकार विकार, कधी कधी गरोदरपणसुद्धा, आरपीआरला खोटे पॉझिटिव्ह करतात, आणि तेव्हा टायटर (नमुना किती पट पातळ करूनही चाचणी रिॲक्टिव्ह राहते तो आकडा) बहुधा १:८ च्या खाली असतो. येथे आरपीआर निगेटिव्हच होती. शिवाय कुष्ठरोग सासऱ्यांना होता, तिला नव्हे. खोट्या पॉझिटिव्हची यादी कोणत्या चाचणीची आहे हे न पाहता ती कोणत्याही अहवालाला लावण्याची सवय धोक्याची आहे, कारण या भागात तिच्या आधारे जवळजवळ प्रत्येक पॉझिटिव्ह अहवाल बाजूला सारता येईल.

याच भागाशी जोडलेला एक खरा प्रश्न मात्र होता. यॉज हा लैंगिक संबंधातून न पसरणारा, मुलांच्या त्वचेचा रोग ट्रेपोनेमाच्याच दुसऱ्या उपजातीने होतो आणि ट्रेपोनिमल चाचण्यांना तो व सिफिलिस यांतील फरक कळत नाही. मध्य भारतातील आदिवासी पट्ट्यात तो होता. भारतातील शेवटचा रुग्ण २००३ मध्ये नोंदला गेला, २००६ मध्ये देशाने निर्मूलन जाहीर केले आणि २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत यॉजमुक्त असल्याचे मान्य केले. साठीच्या माणसाची टीपीएचए या पट्ट्यात पॉझिटिव्ह आली तर यॉजचा विचार करावाच लागतो. या स्त्रीचे वय पाहता ती शक्यता नगण्य होती.

उरल्या तीन शक्यता. पूर्वीचा उपचार झाला होता का? तिला आठवत होते ते एवढेच की मृतजन्मानंतर खासगी दवाखान्यात ‘दोन-तीन सुया’ दिल्या होत्या. त्या पेनिसिलिनच्या होत्या असे मानायला कोणताही कागद नव्हता. अंगावर पुरळ, जखम, गाठी काही नव्हते; तसे पूर्वी झाल्याचेही तिला आठवत नव्हते. प्राथमिक अवस्थेतील जखम दुखत नाही आणि स्त्रियांमध्ये ती आत असल्यास कळतही नाही, त्यामुळे या नकाराला फार वजन देता येत नव्हते. मृतजन्माला मात्र वजन होते: उपचार न झालेल्या सिफिलिसमध्ये सुमारे निम्म्या गरोदरपणांचा शेवट गर्भ दगावणे, मृतजन्म, अपुऱ्या दिवसांचे बाळ किंवा जन्मजात संसर्ग यांपैकी कशात तरी होतो.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ग्रामीण रुग्णालयाने नकळत निवडलेलाच होता: आरपीआर निगेटिव्ह म्हणजे सक्रिय रोग नाही असे धरून काहीही न करणे. आरपीआर निगेटिव्ह असलेल्या जुन्या संसर्गात गर्भाला धोका सक्रिय रोगापेक्षा कमी असतो हे खरे. परंतु तो शून्य आहे असे कोणी म्हणू शकत नव्हते, आणि ताज्या संसर्गाची शक्यता अजून मोकळीच होती.

दुसरा पर्याय दोन ते चार आठवड्यांनी आरपीआर पुन्हा करून मग ठरवण्याचा. एरवी हा अगदी समंजस मार्ग ठरला असता. येथे गर्भ चोवीस आठवड्यांचा होता, गावापासून रुग्णालय दूर होते आणि धानाच्या रोवणीचे दिवस तोंडावर होते. ती ठरल्या दिवशी परत येईल याची शाश्वती नव्हती. शिवाय या प्रतीक्षेतून निर्णय बदलण्याची शक्यता कमीच होती: आरपीआर पुन्हा निगेटिव्ह आली तरी उपचाराची नोंद नसलेली जुनी लागण हीच शक्यता शिल्लक राहणार होती, आणि तिच्यासाठी औषध द्यावेच लागणार होते. ज्या चाचणीच्या निकालाने पुढची कृती बदलत नाही, तिच्यासाठी उपचार थांबवणे माझ्या मते समर्थनीय नव्हते.

तिसरा पर्याय त्याच दिवशी बेंझाथिन पेनिसिलिनचा पहिला डोस देण्याचा, आणि उरलेली उकल मागाहून करण्याचा. गरोदर स्त्रीची रॅपिड चाचणी पॉझिटिव्ह आली तर पहिला डोस तेथेच द्यावा आणि आरपीआरसाठी रक्त घ्यावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचेही धोरण आहे, कारण रुग्ण परत न येण्याची भीती चाचणीच्या चुकीपेक्षा मोठी असते.

एका कनिष्ठ डॉक्टरांनी चौथा पर्याय सुचवला: इंजेक्शनच्या ॲलर्जीची जोखीम नको, ॲझिथ्रोमायसिनच्या गोळ्या द्याव्यात. तो फेटाळण्यात आला. ॲझिथ्रोमायसिनसारखी मॅक्रोलाइड गटातील औषधे वारेतून गर्भापर्यंत पुरेशी पोहोचत नाहीत, त्यांना दाद न देणारे जिवाणूही आता सापडतात, आणि डॉक्सीसायक्लिन गरोदरपणात देत नाहीत. गर्भातील सिफिलिसवर पेनिसिलिनला पर्याय नाही. खरोखर ॲलर्जी असलेल्या स्त्रीलाही सहनक्षमता वाढवून पेनिसिलिनच द्यावे लागते.

घेतलेला निर्णय आणि कृती

तिसरा पर्याय निवडण्यात आला. संसर्ग कधीचा हे ठाऊक नसल्यामुळे तो ‘अज्ञात कालावधीचा लक्षणविरहित सिफिलिस’ धरून आठवड्याच्या अंतराने तीन डोस, प्रत्येकी २४ लाख युनिट, असे ठरले. पूर्वी कोणत्याही औषधाने त्रास झाला होता का हे विचारून, ॲड्रेनॅलिन हाताशी ठेवून, दोन्ही बाजूंच्या कमरेत निम्मा-निम्मा डोस देण्यात आला आणि तिला निरीक्षणाखाली बसवून ठेवले. पहिल्या चोवीस तासांत ताप, अंगदुखी, क्वचित कळा येऊ शकतात, बाळाची हालचाल कमी वाटल्यास लगेच परत यावे, हे समजावून सांगितले. तसे काही झाले नाही.

बोलणी कशी झाली हेही औषधाइतकेच महत्त्वाचे ठरले. उपकेंद्रात पहिला निकाल सासूबाईंच्या समोर सांगितला गेला होता आणि घरात ‘गुप्तरोग’ हा शब्द पोहोचला होता. मग निगेटिव्ह अहवालाने घर शांत झाले होते. आता पुन्हा तोच विषय काढणे तिला नको होते. समुपदेशक ताईंनी तिच्याशी एकटीशी बोलून तीन गोष्टी स्पष्ट केल्या: हा संसर्ग कधी आणि कोणाकडून झाला हे रक्त सांगत नाही, तो आज सक्रिय आहे असेही खात्रीने म्हणता येत नाही, आणि तरीही बाळासाठी औषध घेणे शहाणपणाचे आहे. ‘माझं पहिलं बाळ यानेच गेलं का?’ या तिच्या प्रश्नाला ‘शक्य आहे, पण आता सिद्ध करता येणार नाही’ असे उत्तर देण्यात आले. मला ते उत्तर योग्य वाटते.

पती बाहेरगावी बांधकामावर होता. तो पंधरा दिवसांनी आला. त्याची टीपीएचए रिॲक्टिव्ह होती आणि आरपीआर १:४. त्यालाही लक्षणे नव्हती, एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह होती. त्याच्यावर तीन डोसांचे उपचार सुरू झाले. पत्नीच्या अहवालांचा अर्थ लावण्यासाठी हा निकाल कोणत्याही महागड्या चाचणीपेक्षा अधिक उपयोगी पडला, कारण त्यामुळे जोडप्यात उपचार न झालेला संसर्ग असल्याची शक्यता फारच बळावली.

दरम्यान उपचारात खंड पडला. दुसरा डोस वेळेवर झाला, पण तिसऱ्याच्या वेळी ती माहेरी रोवणीला गेली होती आणि परतली तेव्हा दुसऱ्या डोसाला सोळा दिवस उलटले होते. येथे दुसरा महत्त्वाचा निर्णय आला. राहिलेला एक डोस देऊन मालिका पूर्ण झाली म्हणायचे, की पहिल्यापासून सुरुवात करायची? ट्रेपोनेमाचे विभाजन अतिशय संथ असते, म्हणून औषधाची पातळी सलग टिकणे आवश्यक असते. गरोदरपणात तर नऊ दिवसांनंतरच ती पुष्कळ स्त्रियांत अपुरी पडू लागते. तीनही डोस पुन्हा द्यायचे ठरले. एवढी वेदनादायक इंजेक्शने पुन्हा घ्यायला ती कुरकुरली, आणि ते साहजिकच होते. मात्र या वेळी डोस ग्रामीण रुग्णालयात, तिच्या गावाजवळ देण्याची व्यवस्था झाली. तेथील कर्मचारी पेनिसिलिन टोचायला आधी तयार नव्हते. धर्मादाय रुग्णालयातील पहिले दोन डोस निर्विघ्न झाल्याचे पत्र आणि आपत्कालीन औषधांचा संच पाहिल्यावर ते तयार झाले. शेवटचा डोस तिसाव्या आठवड्याच्या आत पूर्ण झाला. प्रसूतीपूर्वी किमान तीस दिवस आधी उपचार संपलेला असावा ही अट त्यामुळे आरामात पाळली गेली.

बाळ

अडतीसाव्या आठवड्यात मुलगी झाली, वजन २.६ किलो. तपासणीत यकृत-प्लीहा वाढलेली नव्हती, पुरळ नव्हते, नाक वाहत नव्हते. आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात उतरतात, म्हणून जन्मतः बाळाची टीपीएचए किंवा केमिल्युमिनेसन्स करण्यात अर्थ नसतो. ती बाळाबद्दल काही न सांगता आईचेच रक्त वाचते. तुलना करायची ती आई आणि बाळ यांच्या आरपीआर टायटरची, एकाच पद्धतीने, आणि बाळाच्या शिरेतील रक्तावर. नाळेतील रक्तात आईचे रक्त मिसळलेले असू शकते. येथे दोघींची आरपीआर नॉन-रिॲक्टिव्ह होती. आईचा उपचार पुरेसा झालेला, बाळ निरोगी. तरीही पाठपुराव्याची खात्री नसल्यामुळे बालरोगतज्ज्ञांनी वजनाच्या किलोमागे ५०,००० युनिट या हिशेबाने बेंझाथिन पेनिसिलिनचा एकच डोस दिला. तिसऱ्या महिन्यात आरपीआर नॉन-रिॲक्टिव्ह होती. अठराव्या महिन्यात टीपीएचएही नॉन-रिॲक्टिव्ह आली; आईकडून आलेली प्रतिपिंडे तोपर्यंत ओसरलेली होती आणि बाळाची स्वतःची तयार झालेली नव्हती. बाळाला संसर्ग नव्हता हे तेव्हा निश्चित झाले.

आईबद्दल मात्र असा निर्णायक पुरावा मिळणे शक्य नव्हते. उपचार लागू पडला की नाही हे आरपीआर टायटर चौपट उतरण्यावरून ठरते, जसे १:१६ वरून १:४. मुळातच नॉन-रिॲक्टिव्ह असलेली चाचणी आणखी कुठे उतरणार? तिची पट्टी आणि यंत्रावरची चाचणी पुढच्या प्रत्येक गरोदरपणात पॉझिटिव्हच येत राहणार. म्हणून डोसांच्या तारखा, आरपीआरचे निकाल आणि ‘पुढील गरोदरपणात फक्त आरपीआर टायटर पाहावा, नवी लागण झाल्याची शंका आल्यासच पुन्हा उपचार’ अशी सूचना लिहिलेले स्वतंत्र कार्ड तिला देण्यात आले. पतीचा टायटर वर्षभराने १:१ वर उतरला.

प्रयोगशाळेने स्वतःची चाचणी कशी पारखली

या प्रकरणाने रुग्णालयाला नव्या यंत्राकडे पुन्हा पाहायला लावले. यंत्र आल्यापासून गरोदर स्त्रियांतील ‘पॉझिटिव्ह’ वाढले होते आणि प्रसूती विभागात यंत्रावरचा विश्वास डळमळू लागला होता. किटसोबतच्या पत्रकात संवेदनशीलता आणि विशिष्टता (संसर्ग नसलेल्यांपैकी किती निगेटिव्ह येतात ते प्रमाण) दोन्ही नव्व्याण्णव टक्क्यांच्या घरात छापलेल्या होत्या. मग एवढा गोंधळ का?

एक कारण साध्या हिशेबात आहे. समजा, दहा हजार गरोदर स्त्रियांत संसर्गाचे खरे प्रमाण ०.५ टक्के, म्हणजे पन्नास स्त्रिया आहेत. चाचणीची संवेदनशीलता ९८ टक्के असेल तर त्यांतील एकोणपन्नास सापडतील. विशिष्टता ९९ टक्के असेल तर उरलेल्या ९,९५० पैकी जवळपास शंभर जणी विनाकारण पॉझिटिव्ह येतील. म्हणजे हाती आलेल्या दर तीन पॉझिटिव्हपैकी एकच खरी. हीच चाचणी लैंगिक आजारांच्या क्लिनिकमध्ये, जेथे दहा टक्के लोकांना संसर्ग आहे, लावली तर दहा हजारांत ९८० खरे आणि नव्वद खोटे पॉझिटिव्ह मिळतील. म्हणजे दहापैकी नऊ खरे. किट तेच, पत्रकातील आकडेही तेच. बदलली ती माणसे.

दुसरे कारण पत्रकातील आकडे कसे काढले जातात यात आहे. एका बाजूला स्पष्ट सिफिलिस असलेल्या रुग्णांचे नमुने आणि दुसऱ्या बाजूला निरोगी रक्तदात्यांचे नमुने घेतले की कोणतीही बरी चाचणी उजळ दिसते. गरोदर स्त्रिया, जुने उपचारित रुग्ण, स्वप्रतिकार विकार असलेले लोक, अर्धवट उपचार झालेले लोक हा मधला अवघड वर्ग अशा अभ्यासात बहुधा कमी असतो. त्यातच नव्या चाचणीचे माप जुन्या टीपीएचएवर घेतले जाते. म्हणून जुन्या लागणीला ‘पॉझिटिव्ह’ म्हणणे हे तेथे यश मोजले जाते, प्रसूती विभागात मात्र तेच डोकेदुखी ठरते.

प्रयोगशाळेने यंत्र बाजूला ठेवले नाही. त्याच्या मागचा क्रम बदलला. यंत्रावर रिॲक्टिव्ह आलेल्या प्रत्येक नमुन्याची आरपीआर, पातळ करून, त्याच नळीतून, डॉक्टरांनी वेगळी मागणी न करताही होऊ लागली. दोन्ही रिॲक्टिव्ह असतील तर अहवाल जातो. आरपीआर निगेटिव्ह असेल तर टीपीएचए होते आणि तिन्ही निकाल एकाच कागदावर, अर्थ सांगणाऱ्या दोन वाक्यांसह दिले जातात. सुटा ‘सिफिलिस पॉझिटिव्ह’ असा अहवाल देणे बंद झाले.

आरपीआरकडेही लक्ष गेले. ती हाताने होणारी आणि डोळ्याने वाचायची चाचणी आहे: मिनिटाला शंभर फेरे, आठ मिनिटे, ठरावीक आकाराचा थेंब, आणि खोलीचे तापमान २३ ते २९ अंशांच्या दरम्यान. विदर्भाच्या उन्हाळ्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत शेवटची अट किती पाळली जात असेल याचा अंदाज कोणीही करावा. धर्मादाय रुग्णालयाने आरपीआरचे टेबल वातानुकूलित खोलीत हलवले आणि ज्ञात टायटरचा नियंत्रण नमुना दररोज लावायला सुरुवात केली. ग्रामीण रुग्णालयातील मूळ नमुना शिल्लक नसल्यामुळे तेथील निगेटिव्ह निकालात उष्णतेचा वाटा होता का, हे पाहता आले नाही. नव्या नमुन्यावरही आरपीआर निगेटिव्हच आल्याने तो नसावा.

काय वेगळे करता आले असते

सर्वांत महागात पडू शकली असती ती सहा आठवड्यांची शांतता, चौथ्या महिन्यातील निगेटिव्ह अहवालापासून सहाव्या महिन्यातील पॉझिटिव्ह अहवालापर्यंतची. पहिला डोस उपकेंद्राच्या चाचणीनंतर लगेच, ग्रामीण रुग्णालयात देता आला असता. त्यासाठी कोणत्याही नव्या यंत्राची गरज नव्हती, दोन अहवाल एकत्र वाचणारा माणूस आणि पेनिसिलिन टोचण्याची तयारी एवढेच लागत होते. पहिल्या मृतजन्मानंतर आईचे रक्त तपासले असते तर हे प्रकरण कदाचित घडलेच नसते. पतीला बोलावण्यात पंधरा दिवस गेले. तो जेथे कामाला होता तेथील सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) पत्र देऊन त्याची तपासणी आधीच करता आली असती, आणि त्याचा निकाल लवकर कळला असता तर पत्नीच्या उपचारांबद्दलची अर्धी चर्चा वाचली असती. रोवणीचे दिवस ठाऊक असूनही उरलेले डोस सुरुवातीपासूनच गावाजवळ देण्याचे ठरवले गेले नाही. प्रसूतीनंतर वार तपासणीसाठी पाठवायची राहिली.

उलट बाजूनेही एक प्रश्न विचारायला हवा: तिला गरजेपेक्षा जास्त औषध दिले गेले का? मृतजन्मानंतरच्या त्या ‘दोन-तीन सुया’ पेनिसिलिनच्या असतील तर कदाचित हो. नुकसान झाले ते दुखऱ्या कमरेचे आणि घरातील ताणाचे. ताण खरा होता, आणि पहिला निकाल एकांतात सांगितला असता तर बराच टाळता आला असता.

एका मुद्द्यावर प्रसूतितज्ज्ञ आणि सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ यांचे मत आजही जुळलेले नाही. यंत्रावर गुणोत्तर सीमारेषेजवळ, आरपीआर निगेटिव्ह आणि टीपीएचएही निगेटिव्ह अशा गरोदर स्त्रीचे काय करायचे? सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या मते हा खोटा पॉझिटिव्ह आहे, चार आठवड्यांनी फेरतपासणी पुरे. प्रसूतितज्ज्ञांचे म्हणणे असे की चार आठवड्यांनी येणाऱ्या स्त्रियांसाठी ते पुरे, न येणाऱ्यांसाठी नाही. सध्या तेथे पत्ता, मागील प्रसूती आणि पतीची तपासणी पाहून प्रत्येक वेळी स्वतंत्र निर्णय घेतला जातो.